आजोळाचा दाखला

पुण्याच्या ईशान्येस आळंदीच्या रस्त्यावर विश्रांतवाडी आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीस ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी दिघी, कळस अशी गावे मागे टाकीत विश्रांतवाडीवरून पुण्यात येते. ही तिथी बहुधा जून महिन्यात पडते; आणि जून हाच शाळा उघडण्याचा महिना. त्यामुळे त्या दिवसांत या रस्त्यावर एकीकडे टाळ-वीणा घेतलेली वृद्ध मंडळी पंढरीच्या वाटेला लागलेली असतात, तर दुसरीकडे नवी दप्तरे पाठीवर टाकलेली मुले शाळेच्या वाटेला. या मुलांपैकी कित्येकांना शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचवावयास आजी किंवा आजोबाच आलेले असतात. त्यातील बहुतेकांचे आईबाप कामावरून संध्याकाळी घरी परततात. थोड्या मुलांच्या बाबतीत मात्र तसे नसते. त्यांचे आईबाप दूर असतात, विभक्त असतात किंवा हयातच नसतात. आणि आजी ही त्यांची केवळ आजी न राहता सर्वस्व होऊन बसलेली असते.

अशी मुले महाराष्ट्रात आजच निर्माण झाली असे मानण्याचे कारण नाही. मराठी माणसांची चरित्रे चाळली तर त्यांच्या पहिल्या पानावर ‘जन्म आजोळी झाला’ हे वाक्य वारंवार आढळते. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी यावे ही रूढीच असल्याने त्यात नवल काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ साली कुंभोजला झाला, तो असाच आजोळचा. परंतु पुष्कळांच्या बाबतीत आजोळचा हा मुक्काम सव्वा महिन्यावर आटपला नाही. तो वर्षांवर गेला. त्याची कारणे चरित्रकार एका ओळीत उरकतात. त्या ओळीमागे केवढे दुःख असते याची कल्पना मात्र १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग आणि १९१८ सालचा इन्फ्लुएंझा यांचा इतिहास पाहिल्यावाचून यावयाची नाही. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीचे एक विलक्षण लक्षण असे, की तिने ऐन उमेदीतल्या माणसांवर अधिक घाला घातला. वीस ते चाळीस वर्षांची कर्ती माणसे गेली आणि कित्येक घरांत म्हातारी खोडे आणि कोवळे कोंब एवढेच मागे उरले. याखेरीज मुंबईच्या गिरण्या होत्या. रत्नागिरीकडचा चाकरमानी गिरणीत राबे, चाळीतल्या खोलीत दहाजणांबरोबर पाठ टेके आणि पोरे गावी म्हाताऱ्यांच्या हवाली असत. मनिऑर्डर आली की बाप हयात असल्याचे कळे.

आता अशा घरातला मुलगा शाळेत जाई तेव्हा काय होई? तो रिकाम्या हाताने जात नसे. दिवेलागणीला आजोबांपुढे बसून त्याचा परवचा झालेला असे. पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ असत. आजीच्या मांडीवर डोके ठेवून ऐकलेल्या कहाण्या, ओव्या आणि म्हणी यांचे गाठोडे त्याच्यापाशी असे. पण त्याची बोली एका पिढीने जुनी असे. घरात वडील माणसांचीच संगत असल्यामुळे तो पोक्त बोले, खेळात मागे पडे, आणि वर्गातील खोडकर मुले त्यालाच ‘आजोबा’ म्हणू लागत. पाठांतराच्या तासाला त्याची शाबासकी होई आणि निबंधाच्या तासाला गावंढ्या शब्दांबद्दल बोलणी बसत. शिक्षकाच्या पेशात ज्यांनी हयात घालविली आहे त्यांना हा मुलगा ओळखू येतो. शाळेतून घरी निघताना इतरांपेक्षा त्याला घाई अधिक असते. खेळण्यापेक्षा, म्हातारी एकटी आहे याची आठवण त्याला आधी होते. तेराचौदा वर्षांच्या वयात असा भार मनावर वागविणारा मुलगा गणितात एखादे वेळी चुकला तर त्याचे कारण गणितात शोधून सापडावयाचे नाही.

हे सारे असले तरी, शाळेच्या संसारात या मुलांची खरी अडचण निराळीच होती. ती जाणण्यासाठी विश्रांतवाडीहून फार लांब जाण्याची गरज नाही. तेथून जवळच येरवड्यास डेक्कन कॉलेजची दगडी इमारत आहे. १८६८ पासून कॉलेज त्या जागेत आहे. त्या इमारतीत १८७६ साली गोपाळ गणेश आगरकर दाखल झाले. आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरी अठराविश्वे दारिद्र्य. म्हणून त्यांचे बालपण व आरंभीचे शिक्षण कऱ्हाडास आजोळी झाले. आजोळाने अन्न दिले, अक्षरओळख दिली. परंतु इंग्रजी शाळेच्या चार पायऱ्या चढताच त्याची शक्ती संपली. मग त्या पोरसवदा मुलाने कचेरीत उमेदवारी केली, रत्नागिरीची पायपीट केली, तेथे निभाव न लागल्याने तो परत फिरला, आणि शेवटी वऱ्हाडात अकोल्यास जाऊन १८७५ साली मॅट्रिक झाला. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारा विद्यार्थी म्हणून डेक्कन कॉलेजातील आगरकरांची गोष्ट सांगितली जाते, ती सर्वांना ठाऊक आहे. लोक ती त्यांच्या करारीपणाचा दाखला म्हणून सांगतात. परंतु वयाच्या विशीपर्यंत ज्याला अंगावर दुसरा सदरा चढविणारे कोणी भेटले नाही, त्याच्या पौगंडावस्थेचाही तो दाखला आहे. आगरकर पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १८९५ साली, चाळिशीही न गाठता, गेले.

आगरकरांच्या काळी अडचण होती ती पोटाची आणि छपराची. ती पुढच्या पिढीत थोडी हलकी झाली. कोल्हापुरात शाहूमहाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. साताऱ्यास भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविणारे बोर्डिंग काढले. तेथे येणारा मुलगा कोणाच्या घरून आला, बापाच्या की आजाच्या, याची विचारपूस होत असेलही. पण त्यावाचून त्याची भाकरी अडत नव्हती. वसतिगृहांचा इतिहास लिहिणारे जातीच्या प्रश्नावर भर देतात आणि ते योग्यच आहे. पण पितृछत्र हरपलेल्या मुलाला या वसतिगृहांनी केवढा आसरा दिला, हाही त्या इतिहासाचा एक भाग आहे व तो सहसा कोणी सांगत नाही.

कऱ्हाडच्याच परिसरातला दुसरा मुलगा यशवंत बळवंत चव्हाण. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी झाला. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या नावाची हकीकत दिली आहे. त्यांच्या जन्माच्या वेळी आईची अवस्था कठीण झाली होती. खेड्यात वैद्य-डॉक्टरांचे नाव नको. तेव्हा आजीने सागरोबाला नवस केला, की या संकटात यश दे, त्याची आठवण म्हणून मुलाचे नाव यशवंत ठेवीन. वडील कऱ्हाडास कोर्टात बेलिफ होते. ते प्लेगने गेले तेव्हा यशवंतराव अगदी लहान होते. त्यानंतर आई विठाबाई आणि आजोळ एवढाच आधार. देवराष्ट्र्यास प्राथमिक शाळेच्या इयत्ता संपवून ते कऱ्हाडास आले आणि पुढे टिळक हायस्कुलात दाखल झाले. तेथील एक प्रसंग महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. पुढे कोण होणार, हे वर्गातील मुलांना शिक्षकांनी लिहावयास सांगितले. कोणी टिळक लिहिले, कोणी आणखी कोणा थोर पुरुषाचे नाव. या मुलाने लिहिले, की मी यशवंतराव चव्हाण होणार.

या उत्तराचे कौतुक आत्मविश्वास म्हणून होते. त्यात आत्मविश्वास होताच. परंतु आजोळच्या मुलाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्या उत्तराला आणखी एक अर्थ येतो. बापाचे छत्र नाही, घरची शेतीवाडी नाही, उसने घेण्यासारखे घराण्याचे नाव नाही. आजीने नवस फेडून दिलेले नाव तेवढे आपले. तेच त्याने कागदावर लिहिले. १९३२ च्या जानेवारीत झेंडावंदन केल्याबद्दल त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि तो येरवड्याच्या तुरुंगात आला, म्हणजे विश्रांतवाडीच्या अगदी शेजारी. तेथे आचार्य भागवत, एस. एम. जोशी, ह. रा. महाजनी यांच्या सहवासात वाचन झाले, वाद झाले. घरी ज्या गोष्टी सांगावयास वडील नव्हते त्या सांगणारी वडील माणसे भेटली. १९३४ साली, एकविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. आजच्या हिशेबाने हा उशीर आहे. आगरकरही वेळेवर मॅट्रिक झाले नव्हते. आजोळच्या मुलांना शाळेची वाट लांबच पडली.

पालखीच्या वाटेनेच थोडे पुढे गेले तर या इतिहासातली मुलगीही भेटते. पुण्याचा मुक्काम आटोपून पालखी दिवे घाट चढते, सासवडला विसावते आणि जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव करीत फलटणला पोहोचते. पुरंदर तालुक्यातील वीरगाव येथे १९२९ साली बेबीताई कांबळे जन्मल्या. वडील कंत्राटी कामांच्या निमित्ताने गावोगाव हिंडत. त्यामुळे बेबीताईंचे बालपण वीरगावच्या महारवाड्यात, आईच्या वडिलांच्या घरी, आजी-आजोबांपाशी गेले. आजोबा साहेबलोकांकडे बटलर होते. त्यामुळे घरात पैसा दिसे आणि नातीचे लाड होत. भोवतालच्या वस्तीत मात्र भूक, देवदेवस्की आणि अंगात येणे यांचे राज्य होते. त्या काळात आंबेडकरांचे जेजुरीस भाषण झाले. मुले खंडोबाला वाहू नका, शाळेत घाला, हा त्याचा मथितार्थ बेबीताईंनी नमूद केला आहे; आणि तो ऐकल्यावर चावडीवर जुन्यानव्यांचा जो वाद झाला त्याचे वर्णनही. त्या वर्णनात लक्षात राहतात त्या बायका. जुन्या देवावर हात टाकण्यास वडीलधारे पुरुष कचरत होते. पोरांना शाळेत घालू या म्हणून पदर खोचून उभ्या राहिल्या त्या बायका.

पुढे बेबीताई फलटणला आईवडिलांकडे आल्या व तेथे मुलींच्या शाळेत जाऊ लागल्या. आजोळच्या अंगणात ज्या मुलीला कोणी अगं-तुगं केले नव्हते, तिला तेथे वर्गात बाजूला बसावे लागले. उच्चवर्णीय मुली नाक मुरडीत, अंग चोरीत. पाण्यापासून दूर ठेवीत. महारवाड्यातल्या दहाबारा मुलींनी एकजूट केली आणि चिडवण्याला चिडवण्याने, प्रसंगी हाणामारीने, उत्तर दिले. हे काही सुविचारांच्या वहीत लिहिण्यासारखे नाही. पण शाळेशी जुळवून घेणे म्हणजे निमूट मान खाली घालणे एवढाच अर्थ ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हा भाग मुळातून वाचावा. लाडाने वाढविलेल्या नातीला आपण कोणापेक्षा कमी आहो हे आजीने कधी शिकविलेच नव्हते. शाळेने शिकवू पाहिले, पण त्याला उशीर झाला होता. तेराव्या वर्षी लग्न झाल्याने त्यांचे शिक्षण प्राथमिक इयत्तांपुढे गेले नाही. पुढे दुकानात बसून, रद्दीच्या कागदांआड वही लपवून, वीस वर्षे घरच्यांच्या नकळत त्यांनी लिहिलेले ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. फलटणजवळच्या निंभोरे गावी त्यांनी मागास वर्गातील मुलांसाठी निवासी शाळा चालविली.

या तिन्ही हकीकतींत आजोळाचे ऋण आहे आणि शाळेचे कष्ट आहेत. चौथी हकीकत यांहून वेगळी आहे; या विषयाचा गाभाच तिच्यात आहे. सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोट तालुक्यात हन्नूर नावाचे गाव आहे. तेथे १९५६ साली शरणकुमार लिंबाळे यांचा जन्म झाला. आई मसामाई ही दलित. जन्मदाता सवर्ण पाटील, त्याने पितृत्व स्वीकारले नाही. मूल वाढले आजी संतामाईपाशी. संतामाईच्या घरात महमूद दस्तगीर जमादार नावाचे मुसलमान गृहस्थ राहत. सारे त्यांना दादा म्हणत. हमाली करून, मिळेल ते काम करून या दोघांनी नातवाला वाढविले. रक्ताचे नाते नाही, धर्म एक नाही, जात एक नाही. आणि आजोबांचे प्रेम मात्र सख्ख्याला लाजविणारे. ‘अक्करमाशी’ या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात या दादांचे जे चित्र आहे ते मराठी साहित्यातील आजोबांच्या चित्रांत फार वरच्या मोलाचे आहे.

हा मुलगा शाळेत गेला तेव्हा गुरुजींनी रीतीप्रमाणे विचारले, बापाचे नाव काय? शाळेच्या जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव लिहावयाचे म्हणजे मधले नाव बापाचे. ज्या घरात बाप नाही, त्या घरातल्या मुलासाठी रजिस्टरात रकानाच नव्हता. संतामाई होती, दादा होते. पण संतामाईचे नाव लिहिता येईना, दादांचे तर नाहीच नाही. लिंबाळे लिहितात त्याप्रमाणे मुख्याध्यापकांनी जन्मदात्याचेच नाव नोंदविले. ती गोष्ट त्या गृहस्थाच्या कानी गेली तेव्हा नाव खोडावे म्हणून शाळेवर दडपण आले, आमिषही दाखविण्यात आले. मुख्याध्यापक बधले नाहीत. खेड्यातील प्राथमिक शिक्षकाची बदली करविणे तेथल्या बड्या धेंडांना हातचा मळ असतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच त्या नकाराची किंमत कळेल. दौतीत टाक बुडवून एक नाव लिहावयाचे आणि मग ते पुसावयाचे नाही, एवढेच त्या मुख्याध्यापकाने केले. त्या एका नोंदीवर एका मुलाचे पुढचे सारे शिक्षण उभे राहिले.

तरीही कागद आडवा येतच राहिला. फी-सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही लागे. मुलगा अर्ज घेऊन गेला तेव्हा सरपंचापुढे पेच पडला, की याला कोणाचा म्हणून दाखला द्यावा? आजी कोण, आई कोण, बाप कोण, जात कोणती, याची गावकीसमोर चिरफाड झाली. आजोळने वाढविलेल्या अल्पवयीन मुलाच्या वाट्याला यापरता कठोर प्रसंग कोणता यावा! आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफीची सवलत यशवंतरावांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९५९ साली, सुरू झाली होती. देवराष्ट्र्याच्या आजोळात वाढलेल्या माणसाच्या अमदानीतली ती सवलत. परंतु कोणतीही सवलत झाली तरी अर्जावर पालकाचे नाव ठरावीक जागीच विचारले जाई. लिंबाळे वसतिगृहाच्या आधाराने शिकले, टेलिफोन ऑपरेटर झाले आणि नंतर नाशिकच्या मुक्त विद्यापीठात अध्यापक व अधिकारी. त्या विद्यापीठाला यशवंतराव चव्हाणांचेच नाव आहे. २०२० सालचा सरस्वती सन्मान लिंबाळे यांना मिळाला.

याच्या उलट एक उदाहरण पुण्यातच आहे. रँग्लर र. पु. परांजपे यांची नात सई परांजपे यांचा जन्म १९३८ सालचा. वडील रशियन, आईवडील लवकरच विभक्त झाले आणि ही मुलगी आई शकुंतलाबाईंसह आजोबांच्या घरी वाढली. १९४४ ते १९४७ या काळात रँग्लर ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हाय कमिशनर होते, तेव्हा नातीचे काही शिक्षण तिकडेच झाले. वयाच्या आठव्या वर्षी ‘मुलांचा मेवा’ हे तिचे पुस्तक निघाले. बापाविना वाढलेली दोन्ही मुले. एकाचा आजा फर्ग्युसनचा माजी प्राचार्य, दुसऱ्याचा हमाल. आजोबांची माया दोन्ही घरी सारखीच असेल. शाळेच्या टेबलापाशी मात्र दोघांचे वजन सारखे पडले नाही.

कायद्याने या बाबतीत काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियम १९५६ चा, म्हणजे योगायोगाने लिंबाळे यांच्या जन्मवर्षाचाच. त्यात मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि बापानंतर आई, असे म्हटले आहे. हे ‘नंतर’ म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली लावला, तेव्हा कोठे आईच्या सहीला पुरती किंमत आली. आजी-आजोबांचे नाव नैसर्गिक पालकांच्या यादीत नाहीच. त्यांनी पालकत्व मागावयाचे तर कोर्टाची पायरी चढावयाची. सत्तरीची म्हातारी आपल्याच नातवासाठी कोर्टात उभी कशी राहणार, याचा विचार कायदा करणाऱ्यांना सुचला नसावा. पहिला खरा बदल २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याने झाला. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या या कायद्यात पालक याची व्याख्या करताना, ज्याच्यापाशी मुलाचा सांभाळ व ताबा आहे ती व्यक्ती, असे शब्द आले आहेत. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारू नये, असेही त्यात आहे. म्हणजे संतामाईला शाळेच्या दारात पालक म्हणून उभे राहण्याचा हक्क मिळाला, तो तिच्या नातवाने शाळेत पाऊल टाकल्यावर जवळजवळ अर्धशतकाने.

या कायद्याला एक सीमा आहे. त्याचे छत्र सहा ते चौदा वर्षांच्या मुलांवर, म्हणजे आठवीपर्यंतच. नववीत पाऊल टाकणारा मुलगा त्या छत्राबाहेर जातो. शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचे खाते, परीक्षेचे फॉर्म, ही सारी कागदांची रांग नेमकी याच वयात उभी राहते. आणि नेमके याच वयात आजोबांचे डोळे अधू झालेले असतात व आजीला जिना चढवत नाही. जातीच्या दाखल्याला बापाकडचे पुरावे लागतात, आणि बापाचा पत्ता नसतो. मुलगा हुशार असला तर स्वतःच कचेरीत खेटे घालतो. बुजरा असला तर एके दिवशी शाळेत येईनासा होतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काही दिवस गैरहजेरीची खूण पडते आणि मग नाव कमी होते. गळतीचे कारण म्हणून ‘शिक्षणाची नावड’ असे लिहिले जाते, ते अनेकदा खोटे असते.

आजही आजीपाशी मागे राहणाऱ्या मुलांची सर्वांत मोठी फळी बीड आणि अहिल्यानगरकडची आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, असा तिकडचा हिशेब. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ती परतत नाहीत. लहान पोरे फडावर जातात. थोरली, शाळेत जाणारी, पुष्कळदा गावी म्हाताऱ्यांपाशी राहतात. अर्धे शालेय वर्ष ही मुले आजोळची किंवा आज्याची, उरलेले अर्धे आईबापांची. मुलीच्या बाबतीत तर वयात आल्यावर म्हातारीच्या जिवाला घोर लागतो आणि शाळेच्या जागी लग्नाची बोलणी सुरू होतात. हंगामी वसतिगृहे, साखरशाळा असे उपाय झाले. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ८२ वसतिगृहांची योजना सरकारने मंजूर केली. भाऊराव पाटलांनी साताऱ्यास जे ओळखले होते, की म्हातारीच्या मायेला एक छप्पर आणि एक पंगत जोडली की मूल शिकते, तेच शंभर वर्षांनी नव्याने ओळखावे लागत आहे. विश्रांतवाडीतही समाजकल्याण खात्याचे वसतिगृह आहे. जून-जुलैत तेथे खेड्यांतून मुले येतात. कोणाबरोबर बाप असतो, कोणाबरोबर धोतर-टोपीतला आजा.

१ मे २०१४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर प्रथम स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, अशा क्रमाने नावे लिहावीत, असा नियम महाराष्ट्रात २०२४ पासून झाला. या मुलांपैकी सर्वांत मोठी आता हायस्कुलाच्या उंबरठ्यावर येत आहेत. त्यांच्या दाखल्यावर मसामाईला जागा मिळाली. संतामाईची सही मात्र अजून प्रगतिपुस्तकाच्या मागच्या पानावरच होते, ‘पालकाची सही’ असे छापलेल्या ओळीवर. आणि पुष्कळ वेळा नातूच तिचे बोट धरून शाईत बुडवितो.